चूल, वन आणि वाघ

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या सभोवार जी गावे वसलेली आहेत, तेथील स्त्रियांचा दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. घरातील चूल पेटविण्यासाठी सरपण हवे आणि सरपण रानातूनच आणावयाचे, हा तेथील पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. हाती कुऱ्हाड व दोर घेऊन चार-सहाजणी मिळून निघतात, वाळलेली लाकडे गोळा करतात आणि वीस-पंचवीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन परततात. ज्या पायवाटेने त्या जातात, त्याच पायवाटेने कधी कधी वाघही ये-जा करीत असतो. परतावयास थोडा उशीर झाला की घरच्या माणसांच्या जिवाची घालमेल सुरू होते.

देशात गेल्या पन्नास वर्षांत लोककल्याण, ग्रामीण ऊर्जा आणि वन्यजीव संरक्षण या तीन क्षेत्रांत मोठे निर्णय झाले. शासनव्यवस्थेत हे तीन विषय तीन निरनिराळ्या खात्यांकडे असतात. त्यांचे अंदाजपत्रक वेगळे, अधिकारी वेगळे आणि अहवालही वेगळे. परंतु जंगलालगतच्या गावात या तिन्ही खात्यांचे निर्णय एकाच पायवाटेवर एकत्र येतात. सरपणासाठी रानात जाणे टळले तर वन वाचते, वन वाचले तर वाघ टिकतो आणि माणसाचे रानात जाणे कमी झाले तर माणसाचेही प्राण वाचतात. यापैकी एक दुवा निखळला की उरलेले दोन्ही सैल होतात. म्हणून या तीन क्षेत्रांतील वाटचाल एकत्रितपणे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

चुलीचा हिशेब

२०११ च्या जनगणनेत घराघरातील इंधनाची नोंद घेण्यात आली. ग्रामीण भारतातील ६२.५ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी प्रामुख्याने जळाऊ लाकूड वापरीत होती. स्वयंपाकाचा गॅस वापरणारी ग्रामीण कुटुंबे अवघी ११.४ टक्के होती. शेणाच्या गोवऱ्या, तुरीच्या व पऱ्हाटीच्या काड्या यांवर अवलंबून असणारी कुटुंबे वेगळीच. पाच माणसांच्या घरात दिवसाकाठी चार-पाच किलो लाकूड लागते असे धरले, तरी वर्षाकाठी एका चुलीला सुमारे दीड टन लाकूड लागते. शंभर उंबऱ्यांच्या गावाची गरज यावरून सहज ध्यानी यावी.

या लाकडाचा फार मोठा भाग वाया जातो, ही त्यातील खेदाची बाब होय. तीन दगडांच्या किंवा मातीच्या पारंपरिक चुलीत लाकडातील उष्णतेपैकी जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकी उष्णता भांड्यापर्यंत पोहोचते, उरलेली इकडेतिकडे जाते. लाकूड पुरते जळत नसल्याने धूर होतो आणि तो बंदिस्त स्वयंपाकघरात कोंडतो. डोळ्यांची जळजळ, जुनाट खोकला, दमा यांसारख्या व्याधी गृहिणींना व त्यांच्या कुशीतल्या लहान मुलांना जडतात, त्यांचे मूळ बव्हंशी या धुरात असते.

या प्रश्नाकडे शासनाचे लक्ष पूर्वीच गेले होते. खादी व ग्रामोद्योग आयोगाने गोबरगॅस संयंत्रांचा प्रसार स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांतच हाती घेतला होता. १९८१-८२ पासून राष्ट्रीय बायोगॅस विकास कार्यक्रम सुरू झाला. १९८४ मध्ये ‘दीनबंधू’ नावाचा कमी खर्चाचा, घुमटाच्या बांधणीचा नमुना तयार झाला आणि लोखंडी टाकीचा खर्च व तिला लागणारा गंज या दोन्ही अडचणींवर तोड निघाली. दोन घनमीटर क्षमतेच्या संयंत्राला दररोज सुमारे पन्नास किलो शेण व तितकेच पाणी लागते. म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे असावी लागतात. संयंत्रातून बाहेर पडणारी रबडी हे शेताला उत्तम खत होय. इंधन व खत अशी दुहेरी सोय असूनही गोबरगॅस सर्वत्र पोहोचू शकला नाही. ज्या घरी जनावरे नाहीत, ज्या गावी उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीही टंचाई असते, तेथे हे संयंत्र चालणार कसे? भूमिहीन मजुराच्या घरी तर दावणही नसते. बांधकामाला तडे गेले आणि दुरुस्त करणारा गवंडी जवळपास नसला, तर अनुदानातून उभे राहिलेले संयंत्र बंद पडून राहते, असाही अनुभव अनेक ठिकाणी आला. याच सुमारास सुधारित चुलींचाही राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेण्यात आला. तो २००२ पर्यंत चालला. चुली वाटल्या गेल्या, परंतु त्यांची निगा कोणी राखावयाची हा प्रश्न तेथेही राहिलाच.

या पार्श्वभूमीवर प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे प्रारंभ झाला. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील प्रौढ स्त्रीच्या नावे अनामत रक्कम न घेता गॅसजोडणी देणे, हे या योजनेचे सूत्र होय. प्रत्येक जोडणीमागे १,६०० रुपयांचे साहाय्य केंद्र शासनाने देऊ केले. प्रारंभीचे पाच कोटींचे उद्दिष्ट पुढे आठ कोटींपर्यंत वाढविण्यात आले. आठ कोटींचा टप्पा ७ सप्टेंबर २०१९ रोजी आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील कार्यक्रमात पूर्ण झाला, हा महाराष्ट्राशी जुळलेला एक योग. ऑगस्ट २०२१ पासून योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात शेगडी व पहिली टाकी विनामूल्य देण्यात आली आणि स्थलांतरित मजुरांना पत्त्यासाठी स्वतःचे घोषणापत्र पुरेसे मानण्यात आले. जोडण्यांची एकूण संख्या पुढे दहा कोटींवर गेली.

टाकी घरात आली, पण…

गॅसजोडणी देणे आणि गॅस वापरला जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाच माणसांच्या कुटुंबाने सर्व स्वयंपाक गॅसवरच करावयाचे ठरविले, तर वर्षाला १४.२ किलोंच्या साधारण आठ-नऊ टाक्या लागतात. २०१९-२० मध्ये उज्ज्वला योजनेतील कुटुंबाने भरून घेतलेल्या टाक्यांची वार्षिक सरासरी जेमतेम तीन होती. पुढे ती वाढत गेली आणि २०२४-२५ मध्ये चारांहून अधिक झाली. सुधारणा निश्चितच आहे. परंतु याचा अर्थ असाही होतो की, सरासरी घरात निम्म्याहून अधिक जळण अजून चुलीतच जात आहे.

याची कारणे शोधावयास दूर जावे लागत नाही. रोजंदारी करणाऱ्या घरात पैसा दिवसाला येतो आणि टाकीची रक्कम मात्र एकदम द्यावी लागते. पहिल्या टप्प्यात शेगडी व पहिली टाकी अनेक कुटुंबांनी कर्जाऊ घेतली होती, व ते कर्ज पुढील टाक्यांच्या अनुदानातून वळते होत असल्याने अनुदानाची रक्कम काही काळ त्यांच्या हाती पडत नव्हती. २०२० मध्ये महामारीच्या काळात तीन टाक्या विनामूल्य देण्यात आल्या. त्याच वर्षी गॅसचे दर उतरले आणि अनुदान थांबले. पुढे दर चढले तेव्हा गरीब घरांना झळ पोहोचली. मे २०२२ मध्ये उज्ज्वला लाभार्थींसाठी प्रत्येक टाकीमागे २०० रुपयांचे, तर ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपयांचे अनुदान देण्याचा निर्णय झाला. टाकीच्या वापरात झालेल्या वाढीमागे या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

किमतीखेरीज आणखी एक कारण घराच्या अंगणातच दिसते. गॅसवर भाजी-भात होतो. परंतु अंघोळीचे पाणी तापविणे आणि जनावरांचे आंबोण शिजविणे ही कामे अंगणातील चुलीवरच होतात. या कामांना जळण पुष्कळ लागते व ते विकत घ्यावे असे कोणासच वाटत नाही. म्हणून घरात शेगडी असूनही सरपणाची फेरी चुकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, ग्रामीण भागातील ४३.२ टक्के कुटुंबे स्वच्छ इंधन वापरीत असल्याचे आढळले. २०११ च्या तुलनेत ही झेप मोठी आहे. तरीही निम्म्याहून अधिक ग्रामीण घरे त्या वेळी धुराच्या कक्षेतच होती.

वाघाचा हिशेब

आता त्याच पायवाटेच्या दुसऱ्या वाटसरूकडे वळू. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याच वर्षीच्या गणनेत देशात १,८२७ वाघ असल्याचा अंदाज निघाला. १ एप्रिल १९७३ रोजी नऊ राखीव क्षेत्रांसह ‘व्याघ्र प्रकल्प’ सुरू करण्यात आला. त्यात अमरावती जिल्ह्यातील मेळघाटचा समावेश होता. कैलास सांखला हे या प्रकल्पाचे पहिले संचालक. त्या वेळी वाघांची मोजणी पाऊलठशांवरून होत असे. ठसे पाहणाऱ्या माणसाच्या नजरेवर ही पद्धत अवलंबून असल्यामुळे तिच्यात चूक होण्यास वाव होता.

या पद्धतीची उणीव राजस्थानातील सरिस्का येथे प्रकर्षाने समोर आली. कागदोपत्री वाघ असलेल्या त्या अभयारण्यात प्रत्यक्षात एकही वाघ उरलेला नाही, हे २००४-०५ मध्ये उघड झाले. देशभर खळबळ उडाली. सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमण्यात आले. कायद्यात दुरुस्ती होऊन २००६ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले. मोजणीची पद्धतही बदलली. वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येकाचे वेगळे असतात. जंगलात जागोजागी बसविलेले स्वयंचलित कॅमेरे त्यांची छायाचित्रे टिपतात आणि पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ ओळखता येतो. या पद्धतीने २००६ मध्ये १,४११ वाघांचा अंदाज निघाला. तो आकडा धक्कादायक असला तरी खरा होता, आणि सुधारणेचा आरंभ खऱ्या आकड्यापासूनच होऊ शकतो.

त्यानंतरची वाटचाल उत्साहवर्धक आहे. २०१० मध्ये १,७०६, २०१४ मध्ये २,२२६, २०१८ मध्ये २,९६७ आणि २०२२ मध्ये सरासरी ३,६८२, असे हे अंदाज चढत गेले. महाराष्ट्रात २००६ मध्ये १०३ वाघ होते. २०२२ मध्ये ती संख्या ४४४ झाली. मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर असे सहा व्याघ्र प्रकल्प राज्यात आहेत. देशातील व्याघ्र प्रकल्पांची संख्या मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील माधव राष्ट्रीय उद्यानाच्या समावेशाने ५८ झाली.

वाघ वाढले, परंतु जंगल त्या प्रमाणात वाढले नाही. वयात आलेला नर वाघ आईचे क्षेत्र सोडून स्वतःच्या जागेच्या शोधात निघतो. राखीव क्षेत्र भरलेले असेल तर तो शेते, नाले आणि झुडपी जंगल यांतून वाट काढीत दूरवर जातो. देशातील सुमारे एकतृतीयांश वाघ आज व्याघ्र प्रकल्पांच्या सीमेबाहेर वावरतात. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी वनविभाग हे त्याचे ठळक उदाहरण होय. तेथे व्याघ्र प्रकल्प नाही, धानाची शेते आहेत, दाट वस्तीची गावे आहेत आणि वाघही मोठ्या संख्येने आहेत.

ज्यांना रानात जावेच लागते

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. पूर्व विदर्भातील भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांच्या वर्षाच्या मिळकतीत या दोन हंगामांचा वाटा फार महत्त्वाचा असतो. फुले वेचताना किंवा पाने खुडताना माणूस वाकलेला किंवा बसलेला असतो. अशा अवस्थेतील माणूस दबा धरलेल्या वाघाला चारपायी सावजासारखा भासतो, असे वनाधिकारी सांगतात. हे काम पहाटेचे असते, आणि वाघाच्या हालचालींची वेळही तीच. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडण्यासाठी गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. हा आघात त्या गावापुरता मर्यादित राहिला नाही. वाघ वाचविण्याच्या कार्यास ज्या लोकांची साथ हवी, त्यांच्याच मनात अशा घटनांनी कटुता निर्माण होते.

‘रानात जाऊ नका’ असा फलक लावणे सोपे आहे. परंतु रानात न जाता घर चालेल, अशी व्यवस्था उभी करणे हे लोककल्याणकारी राज्याचे खरे कर्तव्य होय. येथे रोजगार हमीचा संबंध येतो. या कल्पनेचा उगमच महाराष्ट्रातील आहे. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ मध्ये प्रयोग झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळात त्याला राज्यव्यापी रूप आले. ‘मागेल त्याला काम’ या तत्त्वाला १९७७ मध्ये कायद्याचे अधिष्ठान लाभले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. त्यासाठी लागणारा पैसा उभारण्यास राज्याने व्यवसाय कर लावला. शहरातील पगारदाराच्या वेतनातून खेड्यातील मजुराच्या हाताला काम मिळावे, अशी ही योजना होती.

महाराष्ट्राच्या या अनुभवाचा लाभ देशाला झाला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम संमत झाला आणि फेब्रुवारी २००६ पासून दोनशे जिल्ह्यांत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. एप्रिल २००८ पासून तो सर्व ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला आणि २००९ मध्ये त्यास महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. प्रत्येक कुटुंबास वर्षाला शंभर दिवसांच्या कामाची हमी, लाभार्थींत किमान एकतृतीयांश स्त्रिया आणि पंधरा दिवसांच्या आत मजुरी, ही त्याची मुख्य वैशिष्ट्ये होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात कामाचे दिवस १२५ करण्यात आले, बहुतेक राज्यांसाठी खर्चाची विभागणी केंद्र व राज्य यांच्यात ६० व ४० अशा प्रमाणात ठरविण्यात आली आणि पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात एकूण साठ दिवस कामे थांबविण्याची तरतूद करण्यात आली.

जंगलालगतच्या गावासाठी या तरतुदींची कसोटी एकच आहे. उन्हाळ्यात, जेव्हा शेतात काम नसते आणि रानात जाण्याची ओढ सर्वांत अधिक असते, तेव्हा गावातच काम मिळते काय आणि त्याची मजुरी वेळेवर हाती पडते काय? तळ्याचा गाळ काढणे, बांधबंदिस्ती, रोपवाटिका यांसारखी कामे त्या महिन्यांत निघाली, तर रानावरील भार हलका होतो. मजुरी दोन-दोन महिने रखडली, तर तीच माणसे पुन्हा रानाची वाट धरतात.

वन कोणाचे?

रोजगाराइतकाच हक्काचा प्रश्न महत्त्वाचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या वनात राहणाऱ्या आदिवासींना व अन्य वननिवासींना त्यांच्या भूमीवर व वनोपजावर कायदेशीर अधिकार देणारा वनहक्क अधिनियम २००६ मध्ये संमत झाला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावास २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये तेथील ग्रामसभा स्वतःच्या बांबूची विक्री स्वतः करू लागली. वनाचे उत्पन्न गावाच्या हाती आले की वणवा विझविण्यास माणसे आपणहून धावतात, असा गडचिरोलीतील अनेक गावांचा अनुभव आहे.

वन्यजीवांसाठी जेथे अगदी निर्मनुष्य क्षेत्र हवे, तेथे गावांच्या स्वेच्छा पुनर्वसनाचा मार्ग कायद्याने ठेवला आहे. मात्र हक्कांची निश्चिती झाल्याशिवाय आणि ग्रामसभेच्या संमतीवाचून कोणासही हलविता येत नाही. यासाठी प्रति कुटुंब मिळणारे साहाय्य २००८ मध्ये दहा लाख रुपये ठरविण्यात आले होते व २०२१ मध्ये ते पंधरा लाख करण्यात आले. ताडोबातील बोटेझरी, जामणी, नवेगाव यांसारख्या गावांच्या पुनर्वसनानंतर तेथील मोकळ्या जागांवर गवताची कुरणे तयार झाली आणि चितळ-सांबरांचे कळप तेथे येऊ लागले. नव्या जागी गेलेल्या माणसांना पाणी, शेती, शाळा या सोयी किती लवकर लाभतात, यावर त्या यशाचा दुसरा अर्धा भाग अवलंबून असतो.

दिवसाची वीज आणि रात्रीची राखण

ग्रामीण ऊर्जेचा आणखी एक धागा वन्यजीवांशी जुळलेला आहे. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग या गावी वीज पोहोचली आणि देशातील सर्व गावांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्याआधी सप्टेंबर २०१७ मध्ये घरोघरी जोडणी देणारी सौभाग्य योजना सुरू झाली होती. घरात दिवा लागला, परंतु शेतातील विजेचा प्रश्न निराळा होता. महाराष्ट्रात कृषिपंपांना आलटून पालटून दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास वीज देण्याची पद्धत रूढ झाली. ज्या आठवड्यात रात्रपाळी येई, त्या आठवड्यात शेतकऱ्याला मध्यरात्री पाणी धरण्यासाठी बांधावर जावे लागे. जुन्नर-शिरूर भागातील उसाच्या फडात बिबट्याने कायमचे घर केले आहे. ऊस वर्षभराहून अधिक काळ उभा असतो, तेथे दाट आडोसा, पाणी व गावातील कुत्री-शेळ्या असे भक्ष्य, सर्वच मिळते. अशा फडात रात्री बारे देणे म्हणजे जीव मुठीत धरून काम करणे होय. ‘आम्हाला दिवसा वीज द्या’ या शेतकऱ्यांच्या मागणीमागे झोपेपेक्षा जिवाची काळजी अधिक आहे.

या दृष्टीने २०१९ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री कुसुम योजना महत्त्वाची ठरते. सूर्याच्या उष्णतेवर नव्हे, तर प्रकाशावर चालणारी पटले शेतात बसवून दिवसा पंप चालविता येतो. राज्यात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. गावाजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या संपूर्ण वाहिनीलाच दिवसा वीज पुरवावी, हे तिचे उद्दिष्ट होय. २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या दहा टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास पाच टक्के हिस्सा भरून पंप मिळू लागला. वन्यजीव खात्याच्या कोणत्याही अहवालात या पंपांची गणना होत नाही. तथापि, माणूस आणि बिबट्या यांची रात्रीची गाठ टाळण्यास त्यांचा मोठा हातभार लागू शकतो.

विजेची दुसरी बाजू मात्र भीषण आहे. रानडुकरे व रोही उभे पीक एका रात्रीत फस्त करतात. हताश झालेला शेतकरी कुंपणाच्या तारेत घरगुती विजेचा प्रवाह सोडतो. हे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्या तारेला रानडुक्कर, वाघ आणि पहाटे शेतावर येणारा शेजारी यांतील भेद कळत नाही. अशा तारांना चिकटून वाघ दगावले आहेत, तशी माणसेही दगावली आहेत. सौर कुंपण हा यावरील सुरक्षित उपाय होय. त्यात प्रवाह अखंड वाहत नाही. क्षणभराचा झटका बसतो व लगेच थांबतो, त्यामुळे जनावर दचकून मागे फिरते, परंतु मरत नाही.

तिन्ही धाग्यांची गाठ

या सर्व प्रश्नांचा एकत्र विचार करण्याचा प्रयत्न राज्यात २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत दिसून येतो. व्याघ्र प्रकल्पांच्या सभोवतालच्या गावांत ग्राम परिस्थितीकी विकास समितीमार्फत गॅसजोडणी, गोबरगॅस, शौचालये, कुंपण, दुधाळ जनावरे व स्वयंरोजगार यांसाठी साहाय्य द्यावे, अशी ही योजना आहे. चुलीचा प्रश्न वनखात्याने आपला मानावा, हे यातील वेगळेपण होय. पर्यटनातून मिळणाऱ्या उत्पन्नाचा काही भाग भोवतालच्या गावांसाठी खर्च करण्याची व्यवस्थाही व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानांमार्फत करण्यात आली आहे. गावातील तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दले नेमण्यात आली असून वाघ गावाजवळ आल्यास लोकांना सावध करणे व जमाव आवरणे ही कामे ती करतात.

दुर्दैवाने मृत्यू ओढवलाच, तर त्या कुटुंबास राज्य शासनाकडून मिळणारे साहाय्य २०२२ मध्ये वीस लाख व २०२३ मध्ये पंचवीस लाख रुपये करण्यात आले. रकमेने माणूस परत येत नाही. परंतु घरातील कर्ते माणूस गेल्यावर मुलांची शाळा सुटू नये, एवढी हमी समाजाने द्यावयास हवी. वाघ ही साऱ्या राष्ट्राची संपत्ती असेल, तर ती राखण्याचा भार एकट्या सीमेवरच्या गावाने सोसावा, हे न्याय्य ठरणार नाही.

उणिवाही दृष्टीआड करता येत नाहीत. साहाय्याच्या योजना व्याघ्र प्रकल्पाच्या सीमेशी बांधलेल्या असतात. वाघ मात्र ती सीमा पाळीत नाही. ब्रह्मपुरीसारख्या प्रादेशिक वनविभागातील गावांना संकट तेवढेच, पण साधने तुलनेने कमी, असे होते. पीकनुकसानीच्या पंचनाम्यास विलंब झाला की पुढच्या वेळी शेतकरी अर्ज करण्याऐवजी तारेत वीज सोडण्याचा विचार करतो. गॅसची टाकी मिळाली, पण वितरकाचे दुकान दहा कोस दूर असेल, तर ती भरून आणण्यात एक दिवसाची मजुरी बुडते. अंघोळीच्या पाण्यासाठी कमी लाकडात काम भागविणारे बंब किंवा सौर तापक मिळाले, तर चुलीचा उरलेला भारही हलका होईल. या बाबी लहान दिसल्या तरी योजनेचे यश त्यांवरच ठरते.

पन्नास वर्षांपूर्वी वाघ वाचविणे म्हणजे शिकाऱ्याला रोखणे, असा समज होता. त्या काळी तो योग्यही होता. आज वाघाचे भवितव्य रोजगार हमीच्या हजेरीपटावर, गॅस वितरकाच्या नोंदवहीत आणि शेतीच्या वीजवाहिनीच्या वेळापत्रकातही लिहिले जात आहे. खाती वेगवेगळी राहणारच. परंतु एखाद्या तालुक्यात वनाधिकारी, गटविकास अधिकारी, वीज कंपनीचा अभियंता आणि ग्रामसभेचे प्रतिनिधी हंगामापूर्वी एकत्र बसले व कोणत्या गावी मे महिन्यात कोणते काम काढावयाचे, कोणत्या वाहिनीला दिवसा वीज द्यावयाची आणि कोणत्या घरी टाकी रिकामी पडून आहे, याचा आढावा त्यांनी घेतला, तर नव्या योजनेची वाट न पाहताही पुष्कळ काही साधू शकेल.

ताडोबाच्या सीमेवरील त्या पायवाटेने उद्याही स्त्रिया जातील. त्यांतील ज्या घरी टाकी भरलेली असेल, गावातच काम निघालेले असेल व मजुरी हाती आलेली असेल, त्या घरची स्त्री त्या दिवशी मोळीसाठी निघणार नाही. त्या दिवसापुरते रानही तिच्या कुऱ्हाडीतून सुटेल आणि तीही रानाच्या भयातून सुटेल. असे दिवस वर्षात किती वाढले, हे मोजले गेले, तर या तिन्ही क्षेत्रांतील प्रगतीचे मोजमाप एकाच वेळी हाती येईल.